बाद झाली की कुकारा द्या: वरंध घाटातून पोलादपूरला

"ताई, पुढल्या आठवड्यात परत त्यांच्याशीच मॅच हाय. तुमी याल का वो हिकडं?"

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. 'त्यांच्याशी' म्हणजे ऑस्ट्रेलियाशी. वहिनी त्या देशाचं नाव तोंडाने घेत नाहीत. त्यांची मुलगी चिमी आपल्या महिला संघात खेळते. पुण्यात सराव करायची तेव्हा काही वर्षं आमच्याकडेच राहायची, त्यामुळे ती आमचीही अर्धी मुलगीच. मागच्या वेळी त्यांच्या त्या उंच बोलरचा बाउन्सर चिमीच्या हेल्मेटवर आदळला आणि पोर पिचवर आडवी झाली. तिच्या आईने हे टीव्हीवर पाहिलं. पुढे बराच वेळ चिमीचा फोन लागेना. तेव्हापासून बाकी कुठल्याही संघाशी सामना असो, वहिनी खुशाल भाकऱ्या भाजतात. ऑस्ट्रेलिया म्हटलं की त्यांची भाकरी तव्यावर करपते.

"येते," मी म्हणाले आणि फोन ठेवल्यावर माझीच पोळी करपली. कारण पोलादपूरजवळच्या त्यांच्या वाडीला जायचं होतं वरंध घाटातून, आणि मी एक नंबरची भित्री आहे. नवऱ्याच्या, सुहासच्या आनंदाला मात्र उधाण. "अगं, चिमीच्या वाडीत बसून चिमीची मॅच! असा योग येतो का कधी?"

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. पुण्याहून भोर आणि भोरवरून घाट. जाणार असाल तर आधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या, पावसाळ्यात बहुतेक बंदच असतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तरी दरडीचा मुरूम जागोजाग रस्त्याच्या कडेला पडलेला होता. भोरच्या पुढे धरणाच्या पाण्याशेजारून जाणारा रस्ता फार देखणा आहे म्हणतात. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी कांदाभजी मिळतात. गरमागरम आणि खिशाला परवडणारी. फक्त प्लेट हातात घट्ट धरा, माकडं टपलेलीच असतात. मला एकच भजं गेलं. कठड्यापलीकडे खाली पाहिलं आणि उरलेली प्लेट सुहासच्या हातात दिली.

"खाली बघू नकोस ना मग," सुहास म्हणाला.

"तू रस्त्याकडे बघ म्हणजे झालं!"

घाट उतरून वरंध, बिरवाडी करत औद्योगिक वसाहतीजवळ आलो तेव्हा शिफ्ट सुटली होती. मोटारसायकलींच्या गर्दीत आमची गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! सपाट रस्त्यासारखं सुख नाही. महाडला साधंसं लॉज मिळालं. चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. जेवणात सुकं चिकन आणि तांदळाची भाकरी घ्या, पस्तावणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोलादपूर गाठलं. महामार्गाने अर्ध्या तासाचं काम. तिथून डोंगराकडे वळलात की डांबर हळूहळू संपत जातं. शेवटचा चढ पायीच. आंब्यांना मोहोर आला होता आणि गवत वाळून पिवळं पडलं होतं. वाटेत सुहासने समोरच्या डोंगरावरून आलेली एक लांबलचक हाक ऐकली आणि तो जागीच थांबला. आम्हाला न्यायला आलेले चिमीचे काका, दगडूभाऊजी, हसले.

"कुकारा हाय तो. फोनला रेंज नाय हितं रानात. गुरं वळायची, जेवायला बोलवायचं, सगळं असंच. दोन्ही हात तोंडाशी धरा नि पोटातनं काढा आवाज."

झालं! सुहासला नवीन खेळणं मिळालं. वाडी येईपर्यंत त्याने डोंगर दणाणून सोडला.

वहिनी अंगणात शेरडं सोडत होत्या. मला पाहून हसल्या आणि सोडलेलंच शेरडू परत बांधायला लागल्या. चिमीचे वडील कंपनीत शिफ्टला गेलेले. टीव्ही दगडूभाऊजींच्या घरात आणि त्यापुढे अख्खी वाडी बसलेली. सामना तिकडे ऑस्ट्रेलियात, म्हणून आपल्याकडे सकाळीच सुरू झाला. पहिली बॅटिंग त्यांची. त्यांनी धावांचा हा ढीग घातला. आपल्या मुली आणि या ऑस्ट्रेलियावाल्या, हे वैर फार विचित्र आहे बघा. जिंकत आणलेला सामना त्या शेवटी हिसकावून न्यायच्या, किती वर्षं हेच. आता आपल्या पोरीही ऐकून घेत नाहीत. पण त्या ऑस्ट्रेलियावाल्या चिडल्या की त्यांचे चेंडू छातीच्या वर यायला लागतात.

दुपारी आपली चौथी विकेट पडली आणि चिमी मैदानात उतरली. वहिनींनी हातातली परात खाली ठेवली, काठी घेतली नि निघाल्या.

"अहो, कुठे?"

"रानात. शेरडांकडं. तुमी पण चला. ती बाद झाली का भाऊजी कुकारा देतील. मग यायचं घरी."

रानात सोबत हवी म्हणूनच मला बोलावलं होतं. मागून बाकीचे "टिकून राहा गो पोरी!" म्हणून ओरडत होते, आणि तिची आई पदर डोक्यावर ओढून झपाझप चालली होती.

वाडीच्या वर करवंदीच्या जाळ्यांपाशी आम्ही बसलो. गेल्याच महिन्यात तिथून बिबट्याने एक पाट, कोवळी शेळी, नेली होती, हे वहिनींनी मला बसल्यावर सांगितलं! मी घाबरून चारही दिशांना बघत होते. वहिनींचे कान मात्र वाडीकडे लागलेले.

"ताई, अख्खा देश म्हनतो ती टिकू दे. मी एकटीच हाय जी देवाला म्हनते, बाद कर माज्या पोरीला. लवकर बाद कर नि धड ठेव. पाप लागंल का वो मला?"

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. खालून आरडाओरडा आला की त्या दचकायच्या. शांतता पसरली की त्याहून जास्त दचकायच्या. "लागलं असंल का वो तिला?" हे त्यांनी किती वेळा विचारलं कुणास ठाऊक.

आणि मग कुकारा आला. लांबलचक, अगदी पोटातून.

वहिनी ताडकन उठल्या. "सुटली!" म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून हसत, मला हाताला धरून उतारावरून जवळजवळ पळवतच खाली घेऊन आल्या. "आता चाय करते, आलं घालून," असं म्हणत त्या दारातून आत शिरल्या.

टीव्हीवर चिमी बॅट घेऊन उभी होती.

कुकारा सुहासने दिला होता. चिमीचं अर्धशतक झालं म्हणून! दगडूभाऊजी कपाळाला हात लावून बसलेले. सुहासचा चेहरा पांढराफटक. "वहिनी, मला माहीत नव्हतं हो..." तो पुटपुटला. मी त्याला बखोटीला धरून मागे बसवलं.

वहिनी मागे वळल्या असत्या. पण तेवढ्यात तीच उंच बोलर धावत आली. चेंडू उसळला, चिमी वळली, आणि तो तिच्या खांद्यावर बसला. त्याचा आवाज घरात ऐकू आला. चिमी गुडघ्यावर बसली. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

चिमी उठली. खांदा दोनदा गोल फिरवला, हेल्मेट नीट केलं आणि परत उभी राहिली.

"उठली," वहिनी म्हणाल्या. आणि त्या जमिनीवर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या. शेवटपर्यंत हलल्या नाहीत. प्रत्येक चेंडूला माझ्या हातात त्यांची नखं रुतत होती. आपण हरलो, थोडक्यात. चिमी मात्र नाबाद राहिली. वाडी हळहळत उठून गेली. वहिनी अंगणात आल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि रानाकडे तोंड करून मोठ्ठा कुकारा दिला. डोंगरातून शेरडं एकेक करून खाली यायला लागली.

परत येताना आम्ही महाडहून ताम्हिणी घाटाने आलो. लांब पडतो, पण सुहास नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हता. पुण्यात पोचल्यावर चिमीचा फोन आला.

"काकू, आईने बघितलं?"

"बघितलं गं."

"म्हणजे आता तिला 'काही लागलं नाही' असं सांगता येणार नाही."

घाटाची माझी भीती काही गेलेली नाही. पुन्हा जायचं झालं तर पुन्हा डोळे मिटूनच जाईन. पण परवा त्यांच्याशीच पुढचा सामना होता, तेव्हा चिमी खेळायला आल्यावर मी न राहवून वहिनींना फोन लावला. रानात असतील तर लागणार नाही, हे ठाऊक होतं. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"वहिनी, तुम्ही घरी?"

"टीव्हीम्होरं बसलेय." मागे वाडीचा गलका चालला होता. "रानात तिला प्रत्येक चेंडू लागायचा वो, ताई. हितं बसले तेव्हा एकच लागला."