चार तारांचा संघपाल

संशय हा संघपालच्या घरचाच. वडील वामनराव चंद्रपूरजवळच्या भूमिगत कोळसा खाणीत तीस वर्षं कामाला होते. छताला काठी ठोकायची, दुसरा तळहात दगडाला लावायचा आणि हाताला थरथर लागली की दगड सुटलाय असं समजून मागे सरायचं, ही त्यांची रोजची रीत. सुरुंगांनी कान गेले, पण काठी सुटली नाही. सुनेच्या माहेरी गेले तेव्हा चहाआधी त्यांनी तिथलं छत ठोकून पाहिलं! सोयरे बिचारे बघतच राहिले.

असल्या बापाचा मुलगा खर्जात घुमणारी बेस गिटार वाजवतो, म्हणजे संशयाला आयतंच खाद्य. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून तो शिकला आणि मग पवनच्या रॉक बँडमध्ये गेला. त्याला आता बारा वर्षं झाली. "बाकीच्याइले सहा तारा, तुले चारच काऊन? फसवलं तुले," असं वामनराव म्हणत. शेजारी विचारत, "त्यात तुहा आवाज कोनता, भाऊ?" संघपाल हसायचा, पण ते मनाला लागायचं.

यंदा त्याला वेगळाच वास येऊ लागला. तो सरावाला आला की बोलणं थांबायचं. बँडमधल्या रंजीताच्या नव्या कीबोर्डवर बेसही वाजतो, हे त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आपल्याला काढणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

दिवाळीनंतर आरमोरीला मंडईची जत्रा भरली. तिथे भर दुपारी कार्यक्रम होता. गाव वामनरावांचं, म्हणून तेही आलेले. मंच कोसळेल या संशयाने फळीवर तळहात ठेवूनच बसले होते. संघपालने ठरवलं, गाणं चालू असताना मध्येच थांबायचं. कुणी वळून पाहिलं नाही, तर बँडला आजच रामराम.

तो थांबला. पवन गातच राहिला. ड्रमवरचा झिंगू मान खाली घालून बडवत होता. लोक नाचत होते. संघपालने गिटारचा पट्टा खांद्यावरून उतरवायला घेतला.

तेवढ्यात वामनराव ताडकन उठले आणि मंचाच्या कडेवर काठी आपटत ओरडले, "थांबला काऊन रे? तुहं काईच हाताले लागून नाई राह्यलं!"

गाणं बंद पडलं. पवन वळला. "तरीच! कवापासून पोकळ वाटून राह्यलं मले. तार तुटली का?"

पवन खरं बोलला की त्याने वेळ मारून नेली, ही शंका संघपालला आजही आहे. पण बापाचा हात खोटं सांगत नाही. त्याने जाड तार छेडली. वामनरावांनी तळहात पुन्हा फळीवर ठेवला. थरथर लागली की जन्मभर मागे सरणारा तो माणूस गाणं संपेपर्यंत जागचा हलला नाही.