खाऱ्या पाण्याचा बांध

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी इतिहासात एम. ए. करायला घेतलं. रेवसजवळच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवते. नोकरीसाठी त्या पदवीची गरज नव्हती, मलाच शिकायचं होतं. प्रबंधासाठी मी अ‍ॅझ्टेक लोकांचं राज्य हा विषय निवडला, तेव्हा मार्गदर्शक सर हसले. “अहो मॅडम, कुठे मेक्सिको, कुठे तुम्ही! समोर एवढे किल्ले आहेत, त्यातला एखादा घ्या.”

“किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, सर. मी हाच घेणार.”

शाळेतून आल्यावर मी पडवीत लिहायला बसायची. वडिलांचं आयुष्य मिठागरात आणि खारातल्या, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनीतल्या, भातशेतीत गेलेलं, शाळा त्यांनी पाहिलेली नाही. एकदा त्यांनी विचारलं, “बाय, काय लिवतेस एवढं?”

मी सांगितलं. तळ्यातल्या बेटावर वसलेलं शहर. तळ्याच्या एका अंगाला पाणी खारं, दुसऱ्या अंगाला गोडं. गोड्या पाण्यात गाळाचे वाफे रचून ते मका पिकवत. पावसाळ्यात खारं पाणी चढून आत घुसायचं, म्हणून राजांनी काही कोस लांबीचा बांध घातला.

वडील ताठ बसले. “बांध राखत कोन व्हता?”

मी वही चाळली. लिहून झालेल्या तीन प्रकरणांत राजे होते, लढाया होत्या, नरबळी होते. चिखल उपसणारा माणूस एकही नव्हता. आमच्या खाराचा बांध उधाणात फुटला की घरटी एक माणूस घमेलं घेऊन जातो. मीही गेलेली आहे. तरी हा प्रश्न मला सुचला नाही, याची लाज वाटली. तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

दोन महिन्यांनी वडिलांना म्हटलं, “शहरातल्या वस्त्या पाळीपाळीने माणसं पाठवत. शिवाय जिंकलेल्या गावांनाही माणसं, दगड, लाकूड द्यावं लागे.”

“ती मनानं येत व्हती का हुकमानं?”

“हुकमानं. वर खंडणी वेगळी.”

“मंग ती कशाला राखतील?”

“नाहीच राखलं. स्पेनचे लोक आले तेव्हा त्यातली बरीच गावं त्यांना जाऊन मिळाली. वेढा पडला, आणि बांध फोडून शत्रूच्या बोटी आत शिरल्या.”

“म्हंजे आदी खांड मानसांत पडली,” वडील म्हणाले.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी सगळा प्रबंध नव्याने उभा केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, “हा मुद्दा कोणत्या पुस्तकातला?”

“वडिलांचा आहे. पुरावे मी शोधले.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ त्या फक्त बांधाबद्दलच विचारत राहिल्या, आणि सर टिपणं काढत होते.

मी पास झाले. पीएच. डी.चा अर्ज सरांनीच आणून दिला. मूळ कागदपत्रं बरीचशी स्पॅनिशमध्ये आहेत, म्हणून रोज सकाळी शाळेआधी तासभर मी ती भाषा शिकते. क्रियापदं अजून चुकतात. चुकू देत. वर्षभरात ती मला यायलाच हवीत.