घरच्या घरी रंग

छपाईनं जगात ज्ञानाचा प्रकाश पसरला, असं माझे वडील, अण्णा, सांगत. पलूसच्या आमच्या प्रेसमधून हा प्रकाश पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिकांच्या रूपानं, एकाच रंगात पसरत असे.

रंगीत काम आलं की ते सांगलीला पाठवायचो. काम म्हणजे थोडी व्हिजिटिंग कार्डं, नाहीतर फोटो असलेलं श्रद्धांजलीचं पान. त्यात सुटायचं काही नाही, उलट गिऱ्हाइकाला सांगलीचा पत्ता कळायचा.

"एकदा सांगली बघितलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई," अण्णा म्हणायचे. प्रेस टिकवायची तर रंग घरात हवा, हे त्यांनी ठरवून टाकलं. मी हिशेब मांडून दाखवला. रंगीत यंत्राची कंपनी सांगते तो पानाचा खर्च खरा, पण रोज पानं निघाली तर. आमच्याकडे आठवडा रिकामा गेला की शाई वाळणार, आणि ती साफ करायला यंत्र आणखी शाई पिणार. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कर्ज काढून यंत्र आणलं.

खंडेनवमीला त्यांनी दोन्ही यंत्रांची पूजा केली. जुन्या लोखंडी यंत्रानं वर्षानुवर्षं हळदकुंकू आणि नारळाचं पाणी मुकाट पचवलं होतं. नव्याला ते जमलं नाही. दसरा झाल्यावर एक बेदाण्याचे व्यापारी आईच्या श्रद्धांजलीचं पान छापून घ्यायला आले. निळा रंग उतरेचना, लालही नाही. म्हातारी पिवळीजर्द निघाली.

त्यांनी पान बराच वेळ पाहिलं. "आवं अण्णा, आई हार्टनं गेली. कावीळ न्हवती तिला."

पेनड्राइव्ह खिशात घालून ते सांगलीला गेले.

मेकॅनिक आला, त्यानं आतली हळद झटकून दाखवली. शाई सोडणारं हेड गेलं होतं आणि नव्या हेडची किंमत जवळजवळ यंत्राइतकीच होती. वॉरंटीत पूजा बसत नाही, असंही तो म्हणाला. मी हिशेबात धूळ धरली होती, लाइट जाणं धरलं होतं. भक्ती धरायची राहिली.

अण्णा ते पिवळं पान खिडकीशी धरून बसायचे. दिवसभर दुकानात कोणी फिरकत नसे. एकदा म्हणाले, "फुडच्या नवमीला लांबनंच पूजा करू."

मी हो म्हणालो.

त्या नवमीआधीच प्रेस बंद झाली. भंगारवाल्यानं लोखंडी यंत्र वजनावर नेलं. रंगीत यंत्र त्यानं हातात घेऊन खाली ठेवलं. त्यात लोखंड फारसं नसतं.