कोटासकट वजन

बायको गेल्यापासून भेटायला येणारे लोक तिला शांत, सोशिक म्हणतात. मी मान हलवतो. त्यांनी तिच्यासोबत विमानप्रवास केलेला नाही.

आमची मुलगी कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावर राहते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि जावई नोकरीनिमित्त जहाजावर. आईनं वेळेत पोहोचायलाच हवं होतं. पण बॅगांना वजनाची मर्यादा. आमच्या पुंडलिकनगरातल्या शेजारणीनं युक्ती सांगितली, "वजन बॅगांचं करतात, माणसाचं नाय." झालं. बायकोनं माझ्या कोटाला आतून कप्पे शिवले आणि औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेला डिंक, खारीक, सुंठ, गूळ त्यांत भरला. ऐन उन्हाळ्यात तो कोट घालून चालताना दिवस भरलेलं माणूस मीच वाटत होतो.

मोठी विमानतळं सुखरूप पार पडली. शेवटचा टप्पा बेटाच्या सरकारी विमान कंपनीचा होता. कंपनी म्हणजे तालुक्याला जाणाऱ्या लाल डब्याला पंख फुटल्यासारखी मोजकी विमानं. तिथल्या बाईनं बॅगा काट्यावर ठेवल्या आणि मग मला म्हणाली, "आता तुम्ही चढा."

"माणसाचं पण?" बायको पुटपुटली. "अहो, कोट काढा."

"काढून ठेवू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

मी चढलो. बाईनं काट्याकडं पाहिलं, माझ्या काटकुळ्या मानेकडं पाहिलं. "साहेब, तुम्ही दिसता त्याहून फार जड आहात." विमान छोटं, त्यामुळं एवढा भार चालणार नव्हता. कोट आणि सामान उद्याच्या विमानानं पाठवते, म्हणाली.

मी ते बायकोला मराठीत सांगितलं. ती भडकली. "आणि आजच बाळंत झाली तर पोरीला काय देऊ, सरकारी बिस्किटं? सांगा त्यांना."

"सामान सोबत नेता आलं तर बरं होईल, असं त्या म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं.

तोवर तिनं माझ्या अंगावरचा कोट उतरवून साडीवर चढवला होता. बॅगा शेजारी घेऊन ती काट्यावर उभी राहिली. बाईनं मान डोलावली. एवढं चालत होतं.

"मी?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही उद्या या. तुम्हाला कुठं बाळ न्हाऊ घालता येतं?"

तोल साधायला म्हणून तिला वैमानिकाच्या शेजारची जागा दिली. मी कुंपणापाशी उभा राहून हात हलवला. तिचं लक्ष नव्हतं. ती वैमानिकाला काहीतरी समजावत होती, बहुधा मराठीतच.

त्याच रात्री मुलीला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा नात बायकोच्या मांडीवर झोपली होती. मुलगी डिंकाचा लाडू खात होती. मी पुढं वाकलो.

"आधी हात धुऊन या," बायको म्हणाली.