म्होरक्या शेळीची घंटी

कुठंही शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली, की माझ्या डोळ्यांसमोर पोलीस ठाण्यातली ती दुपार उभी राहते. निवृत्त होऊनही ती सुटलेली नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, ते विसरलो. ही साधी शेळ्यांची केस विसरत नाही.

तेव्हा मी दौलताबादच्या बाजूच्या एका ठाण्यात होतो. वीस वर्षांचा एक पोरगा धापा टाकत आला. घरचा धंदा शेळ्या राखण्याचा. म्हणाला, डोंगराच्या पायथ्याला चारत असताना तोंडाला रुमाल बांधलेले दोघं टेम्पो घेऊन आले, त्याला ढकलून दिलं आणि सगळा कळप भरून नेला. संशय कोणावर? त्यानं शेजारच्या शेतकऱ्याचं नाव घेतलं. शेळ्या पिकात शिरल्या म्हणून महिन्यापूर्वी दोघांचं भांडण झालेलं. पाठोपाठ गावातून खबर आली, की शेजाऱ्याचा टेम्पो दुपारी खरोखरच बाहेर गेला होता.

मी जीप घेऊन गेलो. टेम्पोत लेंड्या सापडल्या. आमच्या भागात कोणाच्या टेम्पोत त्या नसतात? बाजारच्या दिवशी सगळेच शेळ्या नेतात. तरी चौकशी करणं भाग होतं. तो माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, भांडी आणायला गेल्तो. परवा पोरीची सुपारी फुटायचीय. आज मला गाडीत बसवू नका. उद्या मीच येतो ठाण्याला."

बसवावं लागलं. फिर्यादीत नाव होतं. जीपभोवती गावातली पोरं जमली होती आणि प्रत्येकाचा फोन वर होता. मी हाकललं. दोन पावलं मागं सरकली, फोन मात्र कोणी खाली केला नाही.

ठाण्यात मी फिर्यादी पोराला समोर बसवला. ढकलून दिलं म्हणतो, तर अंगावर साधा ओरखडा नाही. टेम्पोचा रंग दोनदा वेगळा सांगितला. म्हटलं, "तुझा फोन दाखव. कोणाला लावलास, किती वाजता लावलास, बघू."

त्यानं खिशातून फोन ओढला. हेडफोनच्या वायरीत गुंतून आणखी काहीतरी बाहेर आलं आणि खणकन फरशीवर पडलं. पितळेची घंटी. चामड्याच्या पट्ट्यासकट.

आमचे जमादार बसल्या जागेवरून म्हणाले, "वा रं पठ्ठ्या! चोरांनी शेळी नेली आन् घंटी तुला बक्षीस दिली व्हय?"

शेळ्या राखणाऱ्याला या घंटीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ती म्होरक्या शेळीच्या गळ्यात असते. बाकीचा कळप तिच्यामागं चालतो. राखणारा झाडाखाली डोळे मिटून पडला, तरी कळप कुठं आहे ते त्याच्या कानाला कळतं. ती या पोरानं स्वतः काढली होती.

मी फोन टेबलावर ठेवला, माझ्या बाजूला. तो सारखा थरथरत होता. पोराची नजर त्यावरून हलेना. समोरच्या बाकावर तो शेजारचा शेतकरी मान खाली घालून बसलेला. मी म्हणालो, "या माणसाच्या पोरीची परवा सुपारी आहे. तुझ्या एका शब्दानं ती मोडेल. कळतंय का?"

पोरगा म्हणाला, "साहेब, चार्जिंग किती राह्यलीय?"

हात उचलावासा वाटला, उचलला नाही. त्यानंच पुढं विचारलं, "खरं सांगितलं तर फोन आजच मिळंल का?"

मग सांगितलं. तो फोनवर गेम खेळायचा. टीममध्ये शहरातली पोरं. त्यांना घंटीचा आवाज जायचा. "अबे, मंदिर में बैठके खेल रहा क्या?" म्हणून हसायची. लाज वाटली म्हणून घंटी काढून खिशात टाकली. डाव संपला, मान वर केली, तर माळ रिकामा. बापाला काय सांगायचं? टेम्पो, रुमाल, शेजारी. शेजाऱ्याचं काय होईल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पोराचा बापही एव्हाना ठाण्यात आला होता. मी त्याला विचारलं, "शेळ्यांमागं जाणाऱ्या पोराला एवढा फोन कशाला दिला?"

"सायेब, लई पळायचा शेंद्र्याला, कंपनीत जातो म्हनून. फोन दिला तवा बसाया लागला शेरडामागं. वाटलं, डोळं फोनात का आसंना, कान तर घंटीकडं राहतोय." घंटी हातात घेऊन तो म्हणाला, "आता ही शेरडीला बांधू का ह्याला?"

सगळे हसले. शेजारी हसला नाही.

शेळ्या डोंगरापलीकडच्या घळीत सापडल्या. काही कुत्र्यांनी फाडल्या होत्या. इकडं ठाण्यात शेजाऱ्याला मी लगेच सोडलं. तसा जबाबही नोंदवला. पण तो बाकावरून उठेना. त्याच्या मेव्हण्याचा फोन आला होता. त्याला जीपमध्ये बसवतानाचा व्हिडिओ पिशोरला, मुलाकडच्यांपर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पिशोरला गेलो, गणवेशात. मुलाच्या बापाला सगळं सांगितलं. माणूस सज्जन होता. चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मग आपल्या पोराच्या हातातला फोन घेऊन माझ्यापुढं धरला. व्हिडिओखाली लोकांनी 'शेळीचोर' लिहिलं होतं. "साहेब, तुमचं खरंच हाय. पण आमच्या सगळ्या सोयऱ्यांनी हे पाह्यलंय. तुमी किती घरी जाताल?"

लोक मला विचारतात, आजकालच्या पोरांना झालंय काय? मला या प्रश्नाचाच संताप येतो. पोरं फोन घेऊन जन्माला आली का? पोरगं जागेवर बसावं, गप राहावं, म्हणून तो आपण दिला. डोळे गेले तेव्हा म्हणालो, कान आहेत ना. आणि तो व्हिडिओ घरोघर फिरवणारी काय सगळी पोरंच होती? त्यात बाप होते, काका-मामा होते, शिकलेले होते. चोर सापडला की त्याला शिक्षा तरी करता येते. इथं मी कोणाला धरणार होतो?

जीपमध्ये येऊन बसलो, तर माझा फोन वाजत होता. मुलीचा बाप. पिशोरला काय झालं, ते विचारायला.

फोन वाजत राहिला. माझा हात लवकर फोनकडं गेला नाही.