शेकोटीकडे पाठ

रेल्वेच्या संग्रहालयात वाफेच्या जुन्या इंजिनात चढून एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "थंडीत काय मस्त ऊब मिळत असेल गं इथे!" माझं डोकंच फिरलं. माझे वडील असल्याच इंजिनावर ड्रायव्हर होते. समोर भट्टी, मागे सगळं उघडं. छाती भाजायची, पाठ गारठायची. शेजारच्या साहेबी डब्यात मखमली खुर्चीवर पाटी होती, 'बसू नये'. इंजिनातल्या ड्रायव्हरच्या बसायच्या फळकुटावर पाटी लावायची कुणाला गरज वाटली नाही.

निवृत्तीनंतर घरी शेकोटी पेटली की वडील तिच्याकडे पाठ करून बसायचे. "अण्णा, इकडे तोंड करा ना," आम्ही म्हणायचो.

"तोंड नोकरीत शेकून झालंय. आता पाठीची पाळी."

ती पाठ शेवटपर्यंत गारच राहिली. आणि म्हणे मस्त ऊब!