सिस्टरबाईंना न विचारलेला प्रश्न

लोक विचारतात, ताई, तुम्ही नक्की काय करता? पूर्वी मी "विमा एजंट" म्हणायचे, तेव्हा समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा. आता मी "गुंतवणूक सल्लागार" म्हणते, तर तो घड्याळाकडे बघत नाही, आडनाव विचारतो.

सांगते ना. चांगलं ठासून सांगते. मग पाणी येतं का, चहा येतो का आणि कोणत्या कपात येतो, ते गुपचूप बघते. धड कपात चहा आला तर बॅगेतून कागद काढायचे. नाही आला तर "बरं, येतो मी" म्हणायचं आणि स्कूटीला किल्ली लावायची. आमच्याकडे बायाही "येतो, जातो"च म्हणतात. माझी माय म्हणते, "तुह्या नाकावरच राग आहे, तुले कोन पैसे देईन वं?" पण देतात. इतकी वर्षं झाली, देतात.

बाबा पुलगावच्या लष्करी डेपोत मजुरीला होते. मी बी.कॉम. केलं, लग्न झालं आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा एजंटची परीक्षा दिली. शाखेत मी एकटीच बाई होते आणि आमच्या समाजाचीही एकटीच. बाकीच्या एजंट लोकांचे काके ठेकेदार, मामे सरपंच. एका लग्नाला जाऊन आले की चार पॉलिस्या खिशात. माझा मामा हमाल. मी मग बायांकडे वळले. नर्सा, बालवाडीच्या ताया, डेपोतल्या मजुरांच्या बायका, बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या शेतकरणी. या बायांकडे पैसा असतो, पण त्यांना कोणी विचारतच नाही. मी विचारलं, एवढंच.

माझा एक नियम आहे. सगळं समजावून झालं की समोरच्या बाईनं ते मला उलट सांगून दाखवायचं. पैसा किती वर्षं अडकणार, मधात काढला तर काय होणार, तू मेलीस तर कोणाला मिळणार. हो, "मेलीस तर" असंच विचारते, गोडगोड बोलणं मला जमत नाही. सांगता आलं तर सही. नाही आलं तर पुन्हा पहिल्यापासून. भाजीवाली एक मावशी वैतागून म्हणाली होती, "पोरी, शाळेत मास्तरनंबी मले इतकं नाई छळलं."

ही युक्ती माझी नाही, सिस्टरबाईंची आहे. मी लहान असताना मायला टीबी झाला होता. सेवाग्रामला दवाखान्यात मी तिच्यासोबत जायचे. तिथल्या सिस्टरबाई औषध हातात देऊन सोडत नसत. "सकायची कोनती? रातची कोनती? सांगून दाखव." मायला अक्षरओळख नाही, ती रडकुंडीला यायची, पण रंगावरून सांगायची. एकही गोळी चुकली नाही आणि माय बरी झाली. परतताना बसमध्ये मायनं माझ्या कानात सांगितलं होतं, "आपल्यातल्याच हायेत त्या." पांढऱ्या कपड्यातली, छातीवर घड्याळ लावलेली, इंग्रजी वाचणारी आपली बाई मी तोवर पाहिली नव्हती. मोठं होऊन मला कोण व्हायचंय ते काही ठरलं नव्हतं, पण कोणासारखं व्हायचंय ते त्या बसमध्ये ठरलं.

तर काही वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, याच सिस्टरबाईंचा फोन, नंबर दवाखान्यातल्या नर्सांकडून घेतलेला. "रिटायर झालो मी. पैसा आला आहे. तू येजो." मला तर आभाळ ठेंगणं झालं! शाखेतल्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी लगेच पेन काढून हिशेब केला. ही रक्कम एकदाच हप्ता भरायच्या पॉलिसीत आली की तुमचं नाव फलकावर. जिन्याच्या भिंतीवर एक फलक होता, दरवर्षीच्या पहिल्या तीन एजंटांची नावं त्यावर पेंटर रंगवायचा. एकूण एक नाव पुरुषाचं. मला तो फलक हवा होता. खोटं कशाला बोलू? फार हवा होता.

सिस्टरबाई दवाखान्याच्या क्वार्टरमध्येच राहत होत्या. नवरा फार पूर्वी सोडून गेलेला, मुलगी पुण्यात नोकरीला. मी वीस मिनिटं समजावलं. पैसे चांगले वाढतील, पण पाच वर्षं त्याला हात लावता येणार नाही, हेही सांगितलं. त्या मान हलवत होत्या. मग "आता सांगून दाखवा" म्हणायची वेळ आली आणि माझी जीभच उचलेना. यांची मी परीक्षा घेऊ? यांची? त्यांनी चष्मा लावला, झोकदार सही केली आणि तुपातल्या बिस्किटांसारख्या गोरसपाकची बशी पुढे सरकवली. दोन खाल्ले मी. साहेबांना तिथूनच फोन केला.

एप्रिलमध्ये उन्हानं रस्ते मऊ झाले होते. पॉलिसीचे कागद पोस्टानं त्यांना मिळून अकरा दिवस झाले होते, म्हणून सहज भेटायला गेले. शेजारच्या क्वार्टरमधली एक तरुण नर्स चहाला आलेली. सिस्टरबाई तिला कौतुकानं सांगत होत्या, "तू पन घे वं अशी पॉलिसी. बँकेवानीच आहे, पाह्यजे तवा पैसा निघते. मी तं बुद्धपौर्णिमेच्या आधीच काढून राह्यली."

ती पोरगी जाईपर्यंत मी कशीबशी बसले. मग विचारलं, "सिस्टरबाई, पैसे कशाला हवेत आत्ताच?"

त्या माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला. "घर घेऊन राह्यली मी. दोन खोल्या, मोरी, समोर कडुनिंब. बयाना देऊन ठेवला. पौर्णिमेच्या आधी रजिस्ट्री. मे सरला की हे क्वार्टर सोडा लागते ना."

"मला का नाही सांगितलं?"

"कोनालेच नाई सांगितलं. त्या लेआउटच्या वस्तीत आपलं एकबी घर नाई. मागं दोन डाव असंच झालं. घर पाह्यलं, चहा झाला, भाव ठरला, आन् चार दिवसांनी मालक म्हने, घरच्यांचा विचार बदलला. मधात कोनीतरी सांगते ना त्याले. आता कागद झाल्याबिगर मी तोंडातून काढत नाई."

पुलगावात ऑफिससाठी खोली शोधताना माझ्याही तोंडावर हेच वाक्य तीनदा मारलं गेलं होतं. त्या सांगत होत्या आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी कधी पाहिला नव्हता. पौर्णिमेपर्यंत उरलेली रक्कम दिली नाही तर घर जाणार, बयान्याचा आगाऊ पैसा जाणार आणि सिस्टरबाई एक ट्रंक घेऊन मुलीच्या दोन खोल्यांत पुण्याला जाणार. आणि ती रक्कम मी पाच वर्षांसाठी कुलपात टाकून आले होते.

मी काय केलं सांगू? "बरं, बघते" म्हटलं आणि उठले. लाज वाटते, पण हेच केलं.

वर्ध्यापर्यंत आले. एका रसवंतीवर बसले, उसाचा रस मागवला. तेव्हाच्या नियमानं कागद हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पॉलिसी परत करता यायची, पैसे परत मिळायचे, हे मला पाठ होतं. चार दिवस उरले होते. पण परत केली की माझं कमिशन गेलं, वर्षाचा आकडा घसरला, फलक गेला. मन काय काय सुचवतं बघा. म्हटलं, घर काय, पुढच्या वर्षी घेतील. म्हटलं, सांगितलं तर होतं मी, त्यांनीच नीट ऐकलं नाही. म्हटलं, मुलगी आहे की पुण्याला. असं तीन-चारदा म्हटलं आणि मग स्वतःचाच असा संताप आला की अर्धा ग्लास रस तसाच ठेवून स्कूटी फिरवली.

दारातच सगळं सांगितलं. पाच वर्षं, चार दिवस, फलक, सगळं. सिस्टरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला.

"बाकीच्या बायायले सांगून दाखवायले लावतं म्हने तू. मले काऊन नाई लावलं?"

"तुम्ही मोठ्या... तुम्हाला कसं विचारू?"

"मोठी आहो म्हनून बुडवतं काय मले? अवं, डॉक्टर पेशंट झाला तं त्यालेबी मी विचाराचो, कोनती गोळी कवा! तू कोन लागून गेली मले मान देनारी?"

दहा मिनिटं त्यांनी मला असं झापलं की आसपासच्या क्वार्टरांच्या खिडक्या उघडल्या. मी, जी कोणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही, खाली मान घालून उभी. मग त्या थकल्या आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मले समजलंच नोतं. पन तुह्यासमोर नाई समजलं कसं म्हनू? तुह्यासाठी मी सिस्टरबाई." यावर आम्ही दोघीही रडलो. नंतर त्यांनी कागद घेतला आणि मी सांगेन तसा अर्ज लिहिला. त्याआधी मात्र अर्जाचा अर्थ त्यांनीच मला सांगून दाखवला, मी न विचारता.

साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात करू नका. घर पुढच्या वर्षी घेतील त्या." आदल्या दिवशी हेच मी रसवंतीवर म्हणत होते, म्हणून त्यांच्यावर चिडायचा मला काही हक्क नव्हता. तरी चिडले. "साहेब, पुढच्या वर्षी मालक त्यांना देणार नाही. का देणार नाही ते तुम्हाला ठाऊक आहे." साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. फलकावर पेंटरनं माझं नाव आधीच रंगवलं होतं, त्यावर निळ्या रंगाचा हात फिरवला गेला. मला फार लागलं ते. शाखेत बायांसाठी वेगळं बाथरूमसुद्धा नव्हतं, जिन्याखाली मोटारसायकलींच्या मागे जाऊन रडावं लागलं.

पैसे परत यायला लागले तेरा दिवस. रोज सकाळी सिस्टरबाईंचा फोन, "आला का वं?" आणि रोज मी, "नाही अजून." रजिस्ट्रीच्या दोन दिवस आधी आले. त्या दिवशी मायनं पुरणाच्या पोळ्या केल्या, कशासाठी ते तिलाही नीट सांगता आलं नाही.

पुढे मी आणखी परीक्षा दिल्या, म्युच्युअल फंडांचं काम शिकले आणि पुलगावला मला खोलीही मिळाली, एका भाजीवालीच्याच घराची ओसरी. सिस्टरबाईंनी माझी जाहिरात केली ती अशी: "हिच्याजवळच जा. पन डोये झाकून सही करू नोका, ते पोरगी घोळ करते." आता अशा जाहिरातीनं कोणी यावं? पण निम्मा दवाखाना आला. येतात आणि मला उलटतपासणीला उभं करतात. मला आवडतं. खरंच आवडतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला सिस्टरबाईंच्या नव्या घरात वंदना झाली, खीर वाटली. वीस-पंचवीस माणसं आली होती. लेआउटमधले दोघं-तिघं कुंपणापाशी उभे राहून बघून गेले, समोरची एक बाई मात्र आत येऊन खीर खाऊन गेली. दुपारी सगळे पांगले. मी निघणार तर सिस्टरबाई म्हणाल्या, "थांब. जराशी बाहीर उभी राह्य."

मी ओट्यावर उभी राहिले. त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी उन्हात तापत उभी, मला वाटलं कपडे बदलत असतील. पाच मिनिटं झाली. हाक मारावी का, असं मनात येतंय तोवर कडी निघाली. सिस्टरबाईंचे डोळे लाल होते आणि त्या हसत होत्या.

"सासरी माह्या खोलीले दारच नोतं," त्या म्हणाल्या. "होस्टेलात वॉर्डन येऊन ठोकाची. क्वार्टर तं दवाखान्याचंच. आज म्हटलं पाह्यतो, माह्या हातानं लावलेली कडी कोन उघडाले लावते."

"मग?"

"कोनीच नाई आलं," त्या म्हणाल्या. "ये आता, माह्या घरी ये."

मी चपला काढल्या आणि आत गेले.